अंगार, कोकिल आणि अंतर्धूम

जुनीं नाणीं, ताम्रपट, सनदा, पोथ्या आणि दफ्तरें यांचा संग्रह करण्याची आवड महाराष्ट्रांत आतां चांगलीच रुजली आहे. खापराच्या तुकड्यांसही अलीकडे मान मिळूं लागला आहे. परंतु त्याच पांढरींत, त्याच ढिगाऱ्यांत, पुष्कळदां त्याच खापराला चिकटून सांपडणाऱ्या एका वस्तूकडे संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. ती वस्तु म्हणजे लांकडी कोळसा. हात काळे करणारा म्हणून तो झटकून टाकला जातो, आणि गडावरील किंवा वाड्यांतील माती उपसतांना तो राखेबरोबर उकिरड्यावर जातो. वस्तुतः कोळसा हाही एक लेखच आहे. त्यांत दोन गोष्टी नोंदविलेल्या असतात : तो कोणत्या झाडाचा, आणि त्या झाडाला किती ताप लागला. ही नोंद कशी होते, आमच्या जुन्या ग्रंथकारांस ती कितपत ठाऊक होती, आणि तिच्या साहाय्यानें शुक्रनीतीच्या एका वादग्रस्त स्थळावर कांहीं प्रकाश पडतो कीं काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. अमरसिंहानें अंगार, अलात आणि उल्मुक हे तिन्ही शब्द एकत्र बसविले आहेत. परंतु निखारा आणि कोलीत एक नव्हे, हें मराठी गृहिणीस कोणी सांगावें लागत नाहीं. कोलिताला अद्याप ज्वाळा आहे, धूर आहे. निखाऱ्याचें तें सर्व देऊन झालेलें असतें. विझलेल्या निखाऱ्यास निराळें नांव देण्याची गरज कोशकारांपेक्षां धातु गाळणारांस अधिक, म्हणून तें नांव रसशास्त्रांत सांपडतें. आनंदाश्रमानें छापलेला रसरत्नसमुच्चय पुष्कळ वाचकांच्या संग्रहीं असेल. त्यांत शिखित्र, अंगार व कोकिल हे शब्द देऊन पुढें ग्रंथकार सांगतो कीं, जे अंगार पाण्यावांचून विझले ते कोकिल. ‘पाण्यावांचून’ हा एकच शब्द पाहून हा ग्रंथकार नुसता कोश चाळणारा नव्हता, भट्टीजवळ बसलेला होता, असें आम्ही म्हणतों. पाणी ओतून विझविलेला कोळसा तडकतो, त्याचा भुगा होतो, आणि त्याच्या असंख्य छिद्रांत पाणी भरून राहतें. पुढें मुशीखालीं घातल्यावर तें पाणी उडविण्यांतच उष्णता खर्चीं पडते. उलट मातीनें किंवा झांकणानें वारा कोंडून विझविलेला कोळसा अखंड व कोरडा राहतो. प्राकृतांतील कोइला आणि हिंदींतील कोयला हे शब्द या कोकिलाशींच जोडलेले दिसतात, आणि आमचा कोळसाही याच कुळांतला असावा.

आतां लांकडाचा कोळसा कसा होतो तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्यावांचून पुढचें विवेचन समजणार नाहीं. लांकडांत मुख्यतः तीन द्रव्यें असतात. तंतूंचें अंग ज्याचें बनलें आहे तें सेल्युलोज, त्याच्या भोंवतीं असणारें हेमिसेल्युलोज, आणि सर्वांस ताठरपणा देणारें लिग्निन. वाऱ्याचा शिरकाव बंद ठेवून लांकूड तापवूं लागलें म्हणजे आधीं पाणी निघून जातें. पुढें सुमारें २२० ते ३१५ सेंटिग्रेड अंशांच्या दरम्यान हेमिसेल्युलोज मोडतें, आणि ३१५ ते ४०० च्या दरम्यान सेल्युलोज. लिग्निनाचें तसें नाहीं. तें १६० अंशांपासून थेट ९०० अंशांपर्यंत अगदीं सावकाश मोडत राहतें, आणि कोळसाही सर्वांत जास्त तेंच मागें ठेवतें. म्हणून ज्या लांकडांत लिग्निन अधिक, त्याचा कोळसा अधिक पडतो. मध्येंच वारा आंत शिरला तर मात्र हा सर्व हिशेब बुडतो, आणि हातीं राख लागते.

भट्टीवरील माणसास या अंशांची नांवें ठाऊक नसतात, पण तो धूर वाचतो. प्रथम पांढरा दाट ओला धूर; मग पिंवळट, डोळ्यांस झोंबणारा; आणि शेवटीं विरळ निळसर. निळा दिसला कीं भट्टीचीं तोंडें लिंपावयाचीं. येथें तर्कसंग्रह शिकलेल्या वाचकांस नैयायिकांच्या एका प्रसिद्ध उदाहरणाची आठवण होईल. ‘जेथें अग्नि तेथें धूर’ ही व्याप्ति खरी नव्हे, कारण तींत आर्द्रेंधनसंयोग ही उपाधि आहे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. उदाहरण उत्तम आहे. तथापि आम्हांस नेहमीं वाटतें कीं, लोहाराच्या गोळ्याकडे न धांवतां नैयायिकांनीं शेजारच्या शेगडींतील निखारा घेतला असता तर तो अधिक सोयीचा झाला असता. चांगलें वाळलेलें लांकूडही धूर देतें, कारण धुरांत वाफेशिवाय लांकडाचे मोडलेले अंश असतात. ते सर्व निघून गेलेले असतात तें कोळशांतूनच.

ताप किती दिला यावर कोळशाचें प्रमाण आणि स्वभाव दोन्हीं बदलतात, हें अंकांनीं दाखविण्याचें श्रेय वियोलेत या फ्रेंच गृहस्थाकडे जातें. हा तेथील सरकारी दारूच्या कारखान्यावरील अधिकारी होता, आणि त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एकाच जातीचें लांकूड निरनिराळ्या तापांवर भाजून पाहिलें. ३०० अंशांवर लांकडाच्या वजनाचा सुमारें एक-तृतीयांश भाग कोळसा म्हणून उरला. ४३० च्या आसपास तो एक-पंचमांशाहून खालीं आला. १५०० अंशांवर सुमारें १७ टक्के. म्हणजे पहिल्या शंभर-सव्वाशें अंशांत फार मोठी घट, आणि पुढच्या हजार अंशांत अगदीं थोडी. कार्बनाचा अंश मात्र ३०० अंशांवर सुमारें ७३ टक्के असतो, तो चढत चढत ९० च्या पुढें जातो. याहून मोठी गोष्ट पेट घेण्याची. कमी तापावर केलेला कोळसा ३५० अंशांच्या सुमारास पेटतो. हजार-पंधराशें अंशांवर केलेल्या कोळशास पेटावयाला ६०० ते ८०० अंश लागतात. भाजण्याची घाई केली तर त्याच तापावर कोळसा जवळजवळ निम्मा पडतो, हेंही त्यानें दाखविलें. कोळशाची भट्टी दिवसचे दिवस सावकाश धुमसत कां ठेवतात, तें यावरून कळून येईल.

हें झालें तापाचें. झाडाच्या जातीविषयीं पाहतां, खैराचें लांकूड घनफुटास सुमारें ६० पौंड भरतें, तर पांगारा किंवा सांवर वीस-पंचवीस पौंडांवर येते. लांकडाची ही घट्ट किंवा पोकळ ठेवण कोळशांत जशीच्या तशी उतरते. खैराचा किंवा बाभळीचा कोळसा जड, कठीण, फार वेळ टिकणारा. पांगाऱ्याचा हलका, हातानें चुरडणारा, भप्‌कन पेटून संपणारा. चरकानें सूत्रस्थानांतील स्वेदाध्यायांत जेंताक नांवाचा स्वेद सांगितला आहे. त्यासाठीं बांधावयाच्या कूटागाराच्या मध्यभागीं अंगारकोष्ठ करावा, तो खैराच्या किंवा अश्वकर्णादि वृक्षांच्या लांकडांनीं भरून पेटवावा, आणि लांकडें नीट जळून धूर निघून गेल्यावर, योग्य ती ऊब आली म्हणजे रोग्यास आंत न्यावें, असें तेथें विधान आहे. अश्वकर्ण हा शालवर्गांतला समजतात. म्हणजे दोन्हीं लांकडें जड व कठीण. रोग्याला ज्वाळा नको, धूर तर नकोच. एकसारखी, न भडकणारी ऊब फार वेळ पाहिजे. ती देणारा कोळसा कोणत्या झाडाचा, हें चरकास पक्कें ठाऊक आहे. खैर हें यज्ञिय झाड, म्हणून तें सांगितलें असेल असें कोणी म्हणेल. पण मग अश्वकर्णादि विकल्प कशाला? श्रद्धेनें सांगितलेल्या वस्तूस गुणावरून पर्याय देत नाहींत.

आतां शुक्रनीतीकडे वळूं. या ग्रंथांत अग्निचूर्णाची, म्हणजे बंदुकीच्या दारूची, कृति दिली आहे. सुवर्चिलवण म्हणजे सोरा पांच पळें, गंधक एक पळ, आणि रुई, निवडुंग इत्यादिकांचा अंतर्धूम रीतीनें पक्व केलेला कोळसा एक पळ. हीं शुद्ध घेऊन, चूर्ण करून, एकत्र करावींत. निवडुंग, रुई व लसूण यांच्या रसांचीं पुटें द्यावींत. उन्हांत वाळवावें आणि साखरेप्रमाणें बारीक करावें. गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८० सालीं या स्थळाचा मोठा गाजावाजा केला, आणि प्राचीन भारतांत बंदुकीची दारू होती असा सिद्धांत मांडला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत हा भाग मागाहून घुसडलेला ठरविला. पुढें १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं सर्व शुक्रनीतीच एकोणिसाव्या शतकांतील आहे, असें सविस्तर प्रतिपादन केलें. ज्या ग्रंथांत तोफा, बंदुका आणि त्यांचे भाग इतक्या सहजतेनें येतात तो ग्रंथ गुप्तकाळचा म्हणणें कठीणच आहे, आणि ऑपर्ट यांच्या मताचा अभिमान बाळगण्याचें कारण आज कोणासही उरलेलें नाहीं.

परंतु हा वाद आजपर्यंत सोऱ्याच्या प्रमाणाभोंवतीं आणि नालिकास्त्राच्या वर्णनाभोंवतीं फिरत राहिला. कोळशाच्या एका पळाकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. आणि आमच्या मतें त्या सर्व कृतींत अस्सल कारागिरीचा खूण-शिक्का जर कोठें असेल तर तो त्या पळांतच आहे. ग्रंथकारानें तीन गोष्टी सांगितल्या : झाडें मऊ व हलक्या लांकडाचीं, दोन्हीं चिकाचीं; आणि भाजणें अंतर्धूम, म्हणजे धूर आंत कोंडून. दारूला जो कोळसा लागतो तो लोहाराच्या कोळशाच्या नेमका उलट गुणांचा. तो हलका पाहिजे, सच्छिद्र पाहिजे, लवकर कुटला गेला पाहिजे, आणि कमी तापावर झटकन पेटला पाहिजे. खैराचा कोळसा घालून केलेली दारू मंद पडेल. युरोपांत या कामासाठीं विलो आणि आल्डर यांसारखीं मऊ लांकडें निवडीत. हिंदुस्थानांत इंग्रजांनीं दारूचे कारखाने काढले तेव्हां त्यांना तीं झाडें येथें मिळेनात. बंगाल्यांत ईशापूर येथें तुराट्यांचा कोळसा वापरला जाई, आणि मद्रासेकडे शेराचा. शेर हा निवडुंगाचाच सगोत्र, चिकाचा. स्नुहीचें नांव घेणारा शुक्रनीतिकार आणि शेर तोडविणारा मद्रासचा इंग्रज अधिकारी एकाच जातीच्या झाडापाशीं येऊन पोंचले, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देतां येत नाहीं.

राहिला अंतर्धूम. इंग्लंडांत १७८७ च्या सुमारापर्यंत दारूसाठींही उघड्या भट्टींतला कोळसा घेत असत. रिचर्ड वॉटसन नांवाचा एक गृहस्थ, जो आधीं केंब्रिज येथें रसायनशास्त्राचा अध्यापक आणि मग लॅंडॅफचा बिशप झाला, त्यानें लांकूड लोखंडी नळकांड्यांत बंद करून भाजावें असें सुचविलें. त्यामुळें दारूचा जोर इतका वाढला कीं सरकारचा मोठा खर्च वांचला. बंद पात्रांत ताप एकसारखा राखतां येतो, वारा शिरत नाहीं, राख मिसळत नाहीं. अंतर्धूम याचा अर्थ याहून निराळा काय आहे? येथें कोणी म्हणेल, झालें तर मग! शुक्रनीतिकार एकोणिसाव्या शतकांतला, त्यानें इंग्रजी कारखान्याची ही रीत ऐकली आणि संस्कृतांत घातली. हा तर्क सहज सुचण्यासारखा आहे, परंतु तो टिकत नाहीं. अंतर्धूम ही संज्ञा वैद्यकांत फार जुनी आहे. द्रव्य मडक्यांत घालून, तोंड मातीनें लिंपून, धूर बाहेर न पडूं देतां जाळावें, म्हणजे त्याची मषी तयार होते. हा विधि चरक-वाग्भटांपासून आमच्या वैद्यांच्या नित्य परिचयाचा आहे. ज्याच्या घरीं मडक्यास कापडमाती करून औषध जाळीत असत, त्यास लोखंडी नळकांडें पाहावयास केंब्रिजला जावें लागत नव्हतें.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. अंतर्धूम या शब्दावरून शुक्रनीति प्राचीन ठरत नाहीं, आणि अर्वाचीनही ठरत नाहीं. तिचा काळ इतर प्रमाणांनींच ठरला पाहिजे, आणि तीं प्रमाणें अर्वाचीनत्वाकडे झुकतात. मात्र ग्रंथ केव्हांचाही असो, त्यांतील कोळशाची निवड ही पुस्तकी नव्हे. ती या देशांतील दारू करणारांच्या हातची आहे. या कारागिरीचा मागोवा घ्यावयाचा तर ओरिसाच्या प्रतापरुद्र गजपतीच्या नांवावरील कौतुकचिंतामणि या सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथाकडे जावें लागतें. त्यांतील आतषबाजीच्या कृतींकडे भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं विद्वानांचें लक्ष वेधलें होतें. ज्यांच्या संग्रहीं बाणाच्या, फुलबाज्यांच्या किंवा चंद्रज्योतीच्या कृतींचीं सुटीं पानें असतील, त्यांनीं त्यांतील कोळशाच्या झाडांचीं नांवें जरूर उतरून घ्यावींत. सोऱ्याचें प्रमाण नकलनविसाच्या हातून बदलतें, झाडाचें नांव सहसा बदलत नाहीं.

अर्धवट भाजलेल्या कोळशाचा उपयोग किती, याविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. १८८० नंतर जर्मनींत मोठ्या तोफांसाठीं जी तपकिरी दारू निघाली, तिचा कोळसा राय धान्याच्या पेंढ्यापासून केलेला आणि मुद्दाम कमी भाजलेला असे. काळा होण्यापूर्वींच थांबविलेला. ती तोफेंत सावकाश जळे आणि गोळ्यास शेवटपर्यंत रेटी. झाड आणि ताप हीं दोन बदललीं कीं दारूचा स्वभाव बदलतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

लोखंडाच्या भट्टीस याच्या उलट कोळसा लागतो. वर धातुमातीचा भार, खालून भात्याचा वारा. त्यांत चुरडणारा कोळसा पडला तर भट्टी कोंदते. विदर्भांत नागपूरजवळ नैकुंड येथें १९७८ ते १९८० च्या उत्खननांत महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली; म्हणजे हा धंदा आमच्याकडे अडीच हजार वर्षांहून जुना. महाबळेश्वराच्या डोंगरांत धावड नांवाचे मुसलमान लोक लोखंड गाळीत असत. १८८५ च्या सातारा गॅझेटियराच्या वेळीं हा धंदा मागें पडला होता, आणि त्याचीं कारणें म्हणून जळणाची महागाई व विलायती लोखंडाची स्वस्ताई सांगितलीं आहेत. कौटिल्यानें कोष्ठागाराच्या प्रकरणांत धान्याबरोबर कोळसा व कोंडा यांचीही वाट लावून दिली आहे : धातूच्या कारखान्यांस आणि भिंती लिंपणारांस. त्याच्या राज्यांत कोळसा हा हिशेबांत धरण्याचा माल होता. जैनांच्या उपासकदशासूत्रांत श्रावकानें वर्ज्य करावयाचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांत पहिलाच इंगालकम्म, म्हणजे कोळसे पाडण्याचा, आणि दुसरा वनकर्माचा. हेमचंद्रानें योगशास्त्रांत अंगारजीविकेंत कुंभार, लोहार, सोनार आणि विटा भाजणारेही ओढले आहेत. मनूनें जळणासाठीं ओलीं झाडें पाडणें उपपातकांत घातलें. अर्थशास्त्र कोळसा मोजतें आणि धर्मशास्त्र त्याबद्दल प्रायश्चित्त सांगतें. दोघांसही त्याची किंमत कळली होती, एवढें खरें. ती किंमत प्रत्यक्ष देणारे मात्र निराळेच. ठाणें व कुलाबा भागांतील कातकरी लोक एके काळीं खैराचा कात काढून राहत. पुढें तेच हंगामाहंगामाला बायकापोरांसह ठेकेदाराच्या भट्ट्यांवर कोळसे पाडूं लागले, आणि कर्जांत बांधले गेले. त्यांच्या ज्ञानाची पोथी कोणीं लिहिली नाहीं.

पोथ्यांचा विषय निघालाच आहे, तर शाईबद्दल दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आमच्या पोथ्यांची काळी शाई बहुधा दिव्याच्या काजळाची. काजळ हाही कार्बनच, पण तो लांकडाचा सांगाडा नव्हे. ज्योतींतून उडालेली ती अतिसूक्ष्म धूळ आहे. म्हणून ती बाभळीच्या डिंकांत घोटली कीं मिळून येते. लांकडी कोळसा कितीही कुटला तरी त्याचे कण खरखरीतच राहतात. काश्मिरांतील भूर्जपत्रांवरील शाई मात्र बदामाचा कोळसा करून तो गोमूत्रांत उकळून करीत असत, असें ब्यूलर यांनीं आपल्या काश्मीरच्या प्रवासवृत्तांत लिहून ठेवलें आहे. ती पाण्यानें धुपत नसे. कार्बनाची शाई कागदास खात नाहीं, उन्हानें उडत नाहीं. लोखंडी शाईनें चाळण झालेलीं पानें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस या गुणाचें मोल सांगावयास नको.

आणि खुद्द पोथीचाच कोळसा झाला तर? इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या स्फोटांत इटलींतील हर्क्युलेनियम हें गांव गाडलें गेलें. तेथील एका वाड्यांतील ग्रंथालयाच्या पपायरसाच्या गुंडाळ्या तप्त राखेच्या लोटाखालीं सांपडून जागच्या जागीं कोळसा झाल्या. वारा नव्हता म्हणून राख झाली नाहीं, अगदीं अंतर्धूम! १७५२ पासून त्या हातीं येऊं लागल्या, आणि उलगडतांना कित्येकांचा भुगा झाला. कोळशावर कोळशाच्या शाईनें लिहिलेलें, म्हणून क्ष-किरणांसही अक्षर व पान यांचा भेद सहज होईना. अखेर २०२३ सालीं एक गुंडाळी न उघडतांच तींतील ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द यंत्रसाहाय्यानें वाचला गेला. आपल्याकडील जळक्या वाड्यांतून निघालेलीं कोळशासारखीं दफ्तरें निरुपयोगी म्हणून फेंकून देणारांनीं ही हकीकत ध्यानांत धरावी.

आतां उत्खननांतील कोळशाविषयीं. लांकडाची अंतर्रचना कोळशांत टिकते, म्हणून तुकडा आडवा, उभा व स्पर्शरेषेंत असा तीन अंगांनीं ताजा मोडून भिंगाखालीं धरला कीं झाड ओळखतां येतें. सागाच्या वर्षवलयाच्या आरंभीं मोठ्या छिद्रांची रांग असते. ती कोळशांतही दिसते. हस्तिनापूरच्या १९५०-५२ च्या उत्खननांतील कोळशांत शिसम आणि कुडा हीं झाडें ओळखलीं गेलीं. तापाची खूणही याच तुकड्यांत असते. ३०० ते ३२५ अंशांच्या पुढें शेजारशेजारच्या पेशींच्या भिंती वितळून एकजीव झाल्यासारख्या दिसतात. आणि कोळशाचा पृष्ठभाग घोटून त्यावरून परतणारा प्रकाश मोजला तर ताप जितका अधिक तितकी चकाकी अधिक. ज्यास यंत्र नाहीं त्यानें निदान इतकें पाहावें कीं, कमी तापलेला कोळसा तपकिरी झांक मारतो, मऊ असतो व बोटांस फार लागतो. खूप तापलेला चकाकतो, कठीण असतो, आणि टिचकी मारली तर किणकिणतो.

मात्र एका तुकड्यावरून आगीची परीक्षा करूं नये. जाड लांकडावर कोळशाचा जो थर बसतो तोच आंतल्या लांकडाचें रक्षण करतो. जाड तुळई तासाला सव्वा-दीड इंचाच्या मानानेंच आंत जळत जाते. शनिवारवाडा १८२८ सालीं कित्येक दिवस जळत होता. अशा आगींत एकाच तुळईच्या बाहेरचा तुकडा आठशें अंशांचा आणि आंतला तीनशें अंशांचा निघूं शकतो. वणव्याचेंही तसेंच. सह्याद्रींतील वणवा हा बहुधा जमिनीलगत पळणारा. गवत व पाला यांची राख होते, आणि पडलेल्या ओंडक्यांचा तेवढा, तोही मातीखालीं दबला तर, कोळसा राहतो. त्यांत सर्व तापांचे तुकडे एकत्र मिळतात. भट्टीचा कोळसा पुष्कळसा एकजातीचा व एकतापाचा असतो. तेव्हां एखाद्या डोंगरउतारावर कोळशाचा थर सांपडला तर तो वणव्याचा कीं भट्टीचा, हें ठरवावयास पांच-पन्नास तुकडे पाहिले पाहिजेत.

कालनिर्णयांतही झाडाची जात आडवी येते. १९४९ सालीं लिबी यांनीं किरणोत्सर्गी कार्बनावरून काळ काढण्याची रीत दाखविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें साठाव्या वर्षानंतर हें काम हातीं घेतलें, आणि नेवासें, इनामगांव वगैरे स्थळांच्या कालमानास त्याचा आधार मिळाला. पण ही रीत लांकूड जळाल्याचा काळ सांगत नाहीं, तें वाढल्याचा सांगते. दोनशें वर्षांच्या सागाच्या गाभ्याचा कोळसा घेतला तर वस्ती दोनशें वर्षांनीं जुनी ठरेल. शिवाय जुनी तुळई नव्या घरांत घालण्याची चाल सर्वत्र आहेच. जळकें धान्य, बारीक डहाळी किंवा तुराटी मिळाली तर तिच्यावर अधिक भरंवसा ठेवावा. कोणत्या झाडाचा व झाडाच्या कोणत्या भागाचा कोळसा दिला, हें न लिहितां काढलेले आंकडे आम्हांस अर्धेच वाटतात.

गडांवर आज जी साफसफाई चालते तींत उत्साह मोठा असतो, पण दारूखान्याच्या किंवा लोहारशाळेच्या जागेची काळी माती खोऱ्यानें ओढून टाकली कीं गेली. आज्ञापत्राच्या कर्त्यानें दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची आणि गडावरील झाडें राखण्याची सूचना एकाच दमांत केली आहे. त्या दोहोंचा धागा जोडणारा पुरावा त्या काळ्या मातींतच असण्याचा संभव अधिक. अशी माती दिसल्यास प्रथम पुरातत्त्व खात्यास कळवावें आणि जाणत्या माणसावांचून खणूं नये. सुटा तुकडा उचलावाच लागला तर तो बोटांनीं न चोळतां, धुतल्याशिवाय, कापूस किंवा कागद न लावतां, स्वच्छ वर्खांत गुंडाळून ठेवावा. त्यावर डिंक, रोगण कांहीं लावूं नये. आणि जागा, खोली व तारीख त्याच वेळीं लिहावी. कागदांच्या बाजूनें आमची विनंति याहून सोपी आहे. मोडी दफ्तरांत दारूखान्याचे किंवा लोहारांचे जमाखर्च निघतात, त्यांत सोरा व गंधक यांचे आंकडे संशोधक उतरून घेतात आणि ‘कोळसे’ ही बाब किरकोळ म्हणून गाळतात. त्या बाबीपुढें झाडाचें नांव, वजन किंवा ओझीं, आणि कोठून आणले तें लिहिलेलें असल्यास तेवढी ओळ पूर्ण छापावी.